चिखलातली वीज पहिल्याच दिवशी

"ग्राफ वर आहे. मग तक्रार कसली?" विलेमने व्हिडिओ कॉलवर विचारलं. विलेम माझा बॉस.

तक्रार हीच होती, की ग्राफ वर होता. लॉकडाऊनचे दिवस. कापेल या डच गावातल्या आमच्या लॅबमध्ये एका वेळी एकच माणूस, आठवड्यातून दोन तास, तेही स्लॉट बुक करून. तिथल्या टाकीत झीलंडच्या किनाऱ्यावरचा चिखल होता आणि वर समुद्राचं पाणी. ग्राफाइटची एक पट्टी चिखलात पुरलेली, दुसरी वर पाण्यात. चिखलातले जिवाणू त्यातलं कुजकं शेवाळ खातात आणि सुटलेले इलेक्ट्रॉन खालच्या पट्टीला देतात. दोन्ही पट्ट्या तारेने जोडल्या की वीज मिळते. समुद्रातला एखादा सेन्सर चालेल, एवढीच.

पण जिवाणूंना पट्टीवर वस्ती करायला दोन-तीन आठवडे लागतात. आमची वीज पहिल्याच दिवशी सुरू झाली होती, आणि भरपूर.

"पट्टी काढून बघायला हवी," मी म्हणाले.

"गुरुवारी क्लायंटला दाखवायचंय. चालू सिस्टीम कशाला उकरतेस?"

"ती कशावर चालू आहे ते माहीत नाही म्हणून."

"तू फार निगेटिव्ह विचार करतेस."

हेच बोलणं चौथ्यांदा झालं होतं. दर वेळी त्यातलं निम्मं तो म्यूटवर असताना बोलायचा, ते वेगळंच.

बुधवारचा स्लॉट मी न विचारता बुक केला. मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरत होती. कोपरापर्यंत हात घालून पट्टी बाहेर काढली. तांब्याची तार जिथे ग्राफाइटला जोडली होती, तिथे पाणी शिरू नये म्हणून इपॉक्सीचा लेप असतो. तो तडकला होता. आतली तार काळी पडून निम्मी झिजली होती. वीज जिवाणूंची नव्हतीच. तार गंजत होती, तिची होती.

लेप मीच लावला होता. स्लॉट संपत आला म्हणून, घाईघाईत.

विलेमला फोटो पाठवला. तासाभराने फोन आला.

"क्लायंटला सांगणार आहेस?"

"हो."

"नको. मी सांगतो. प्रोजेक्ट माझा आहे."

गुरुवारच्या कॉलवर त्याने माझ्यासमोर खरंच सगळं सांगितलं. क्लायंटच्या बाईंनी एवढंच विचारलं, "मग चिखलातून वीज येते की नाही?"

"येते," मी म्हणाले. "किती, ते अजून माहीत नाही."

त्यांनी तीन महिने दिले. नवी पट्टी, न गंजणाऱ्या टायटॅनियमची तार. पहिले अठरा दिवस काहीच नाही. विलेम रोज सकाळी विचारायचा, मी घरूनच ग्राफ बघून रोज नाही म्हणायचे. एकोणिसाव्या दिवशी ग्राफ हलला. वीज आधीपेक्षा बरीच कमी, पण टिकली. सेन्सर दिवसातून एकदा पाण्याचं तापमान कळवू लागला.

प्रयोग पहिल्याच दिवशी यशस्वी झाला, तर तो पुन्हा करून बघावा. बॉस खूश असेल, तर नक्कीच.