सबनीसला विचारणे

मधूचा शेवटचा फोन मी कापला, हे आधी सांगून टाकतो. चार चांगल्या आठवणी लिहायच्या आणि मग शेवटी कुठेतरी ते हळूच सरकवून द्यायचं, हे मला जमणार नाही. रविवार होता, सकाळचे अकरा वाजून गेले होते. आमच्या दोघांच्या एका मित्राच्या मुलीचं लग्न भूगावच्या पुढे, आत कुठेतरी नव्यानं झालेल्या लॉन्सवर होतं. मी कोथरूडहून एकटाच निघालो होतो. फोन समोर स्टँडला लावलेला, त्यावर नकाशा चालू. चांदणी चौकात पोचलो तेव्हा पुढे तीन वाटा फुटत होत्या, मागून एक बस हॉर्न देत होती, आणि नेमक्या त्याच क्षणी फोनवर वरच्या बाजूला 'मधू' अशी अक्षरं आली आणि कुठे वळायचं ते दाखवणारी हिरवी पट्टी त्यांच्याखाली झाकली गेली. मी लाल बटण दाबलं. पट्टी पुन्हा दिसली, मी बरोबर वाट धरली. बरोबर वळलो याचा मला त्या वेळी आनंद झाला होता, हेही लिहायला हवं.

जेवणाच्या पंगतीत होतो तेव्हा उषावहिनींचा, म्हणजे मधूच्या बायकोचा फोन आला. पानात जिलबी होती. वहिनी इतकंच म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले." खाली पार्किंगमध्ये, गाडीतच. गाडी चालू होती, एसी चालू होता. आतला माणूस बराच वेळ हलत नाही हे साडेबाराच्या सुमारास वॉचमनच्या लक्षात आलं. वहिनी सकाळपासून बहिणीकडे गेलेल्या, त्या धावत आल्या तोवर सोसायटीतल्या डॉक्टरांनी पाहून मान हलवली होती. हे सगळं त्या सांगत होत्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, असं कसं? आत्ता तर त्याचा फोन आला होता मला!"

वहिनींनी विचारलं, "हो? काय म्हणाले?"

मी म्हणालो, "नीट लागलाच नाही, वहिनी. रेंज नव्हती."

मधुकर दातार हा माझा पंचेचाळीस वर्षांचा मित्र. मी पॉलिटेक्निकमध्ये शिकवत होतो, तो मार्केट यार्डात एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसात होता. कांदा-बटाटा घेऊन गेलेले ट्रक कुठवर पोचले याची काळजी करण्याचा त्याला पगार मिळायचा, आणि निवृत्तीनंतर तो ती काळजी फुकटात करायचा. पंचेचाळीस वर्षांत त्यानं मला एकदाही नावानं हाक मारली नाही, कायम 'सबनीस'. यार्डातले दोन नियम त्यानं घरीही आणले होते. पहिला, कुठे जायचं ते लिहिल्याशिवाय गाडी हलवायची नाही. तिथे मालाबरोबरच्या बिल्टीवर मुक्काम लिहिलेला नसेल तर ट्रक फाटकाबाहेर पडत नसे. मग हा दुधाच्या डेअरीला निघाला तरी गाडीच्या पडद्यावर डेअरी निवडून मगच गिअर टाकणार. दुसरा नियम, ड्रायव्हरनं फोन कापला तर पुन्हा लावायचा नाही. "तो वळणावर आहे असं समजायचं," मधू म्हणायचा. "गाडी जागेवर लागली की तोच करतो. आपण फोन मोकळा ठेवून बसायचं." फोन लागलाच नाही, रेंज गेली, तर मात्र तो लागेपर्यंत दहा वेळा लावायचा. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या बायकोलाही तो याच नियमानं फोन करायचा. वहिनी सांगायच्या, "मी कापला तर हे तासभर गप्प, आणि लागला नाही तर मंडईत सगळ्यांसमोर माझी पिशवी नुसती वाजत असते."

नऊ वर्षांपूर्वी त्यानं गाडी घेतली ती पडदेवाली. नकाशा गाडीतच बसवलेला, शोरूममधूनच आलेला, त्यासाठी वरचं मॉडेल घेतलं. मी तोवर फोनवर गाडी चालवायला लागलो होतो. तेव्हापासून आमचं भांडण सुरू झालं आणि ते आम्ही मनापासून भांडलो. माझ्या फोनला आज सकाळी कुठला रस्ता खणलाय ते कळतं, त्याच्या पडद्याला मधल्या काळात झालेला पूलसुद्धा माहीत नाही. नव्या पुलावर गेलं की त्याच्या पडद्यावरचा बाण रस्ता सोडून रानातून चालायला लागायचा आणि आतली बाई मागे फिरा, मागे फिरा म्हणून जिवाच्या आकांतानं सांगत राहायची. मी हसलो की मधू शांतपणे म्हणायचा, "मधल्या काळात ती गावात नव्हती. तिला काय ठाऊक?" या मॉडेलला नवीन नकाशा येणं बंद झालं असं सर्व्हिस सेंटरवाल्यानं सांगितलं, त्या दिवशी मी मुद्दाम पेढे घेऊन गेलो होतो. त्यानं ते खाल्ले. वर म्हणाला, "वाट गाडीला ठाऊक असावी, सबनीस. फोन मोकळा हवा. कुणाचा कधी येईल, सांगता येतं का?" नवीन जागा पडद्यात भरायची तर तिथे दाराशी जाऊन, गाडी उभी करूनच भरायची, हीही त्याचीच पद्धत. घरी बसून पत्ता साठवायचा नाही. माझं घरसुद्धा त्यानं माझ्या फाटकासमोर पाच मिनिटं गाडी अडवून, मागच्या रिक्षावाल्याच्या शिव्या खात भरलं होतं.

त्या लग्नाच्या आधीच्या रविवारी आम्ही धायरीला एका आजारी स्नेह्यांना भेटायला माझ्या गाडीतून गेलो. फोननं मला एका गल्लीत नेलं. गल्लीच्या शेवटी कंपाउंडची भिंत होती, आणि 'तुम्ही पोचला आहात' असं फोननं जाहीर केलं. मधूनं भिंतीकडे पाहिलं. "छान आहे घर," म्हणाला, "फक्त दार ठेवायला विसरलेत." एरवी मीही हसलो असतो. त्या दिवशी उन्हानं, ट्रॅफिकनं डोकं उठलं होतं... मला ते झोंबलं. परत येताना मी म्हणालो, पुढच्या रविवारी लग्नाला तू तुझ्या डब्यातून ये, मी माझा जाईन. तो म्हणाला, "मी येतच नाही. मला घरी पोळी मिळते." त्यानंतर आठवडाभर आम्ही बोललो नाही. पासष्टी उलटलेली दोन माणसं, नकाशावरून.

म्हणजे चांदणी चौकात आलेला तो फोन आठ दिवसांतला पहिला होता. लॉन्सच्या फाटकाशी गाडी लावली तेव्हा तो माझ्या लक्षात होता, विसरलो नव्हतो. जेमतेम पंधरा मिनिटं झाली होती. मनात म्हटलं, आता आली का आठवण? थांबू दे जरा. जेवण झाल्यावर करू.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मला सांगता येत नाही. एकच प्रश्न डोक्यात होता, मधूनं फोन कशासाठी केला होता? छातीत कळ आली म्हणून केला असेल तर? घरात कुणी नाही, डॉक्टरकडे जायला म्हणून खाली उतरला, गाडीत बसला, मला फोन लावला आणि मी... वळणासाठी कापला. डॉक्टर म्हणाले झटका मोठा होता, दोन-चार मिनिटांचा खेळ, कुणी काही करू शकलं नसतं. डॉक्टर सगळ्यांनाच असं सांगतात. दहाव्याला, तेराव्याला वहिनींच्या समोर बसायचो आणि त्यांनी विचारू नये म्हणून दुसरंच काहीतरी बोलत राहायचो. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. रात्री अंथरुणावर मी फोन उघडून ती नोंद पाहायचो. मधू, रविवार, नाकारलेला कॉल. पुसून टाकायचं धाडस झालं नाही.

दीडेक महिन्यानं वहिनींनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. "बॅटरी उतरेल. एक चक्कर मारून आणता का? मला त्या पार्किंगमध्ये जाववत नाही." मी नाही म्हणू शकलो नाही. गाडीवर धूळ बसली होती. दार उघडलं तर आत अजून त्याच्या त्या लवंगेच्या डबीचा वास होता. किल्ली फिरवली, पडदा उजळला. मला माहीत होतं की इथे उत्तर असणार. पत्ता भरल्याशिवाय हा गाडी हलवत नव्हता. दवाखाना निघाला तर?

'मागे शोधलेलं' अशी एक यादी त्यात असते. मी ती उघडली. सगळ्यात वर दवाखाना नव्हता. लॉन्सचं नाव होतं. त्याखाली तेच नाव, शेवटचा शब्द गाळून. त्याखाली नुसतं त्या आतल्या गावाचं नाव. तिन्हींच्या पुढे एकच शेरा, सापडलं नाही. एकेक अक्षर बटण फिरवून निवडावं लागतं त्यात. किती वेळ बसला असेल... शेजारच्या सीटवर लग्नाची पत्रिका होती, तिच्यावर त्याचा जाड काचांचा चष्मा. पत्रिकेच्या मागे, फोननं टिपली की जागेचा नकाशा उघडतो, ती काळी चौकट छापलेली होती, तिच्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नसणार. तिच्याच खाली पेन्सिलीनं, त्याच्या त्या ऑफिसातल्या अक्षरात लिहिलं होतं, 'सबनीसला लोकेशन विचारणे.' घरातल्या कामांची यादीही तो अशीच करायचा, गॅस सांगणे, दळण आणणे, आणि काम झालं की पुढे बरोबरची खूण. या ओळीपुढे खूण नव्हती.

मी हसलो. खरंच हसलो, त्या पार्किंगमध्ये एकटा बसून, मोठ्यानं. लोकेशन! हा शब्द मधूनं नऊ वर्षांत तोंडातून काढला नव्हता. तो लग्नाला येणार होता, त्याच्या बाईला जागा सापडत नव्हती, आणि तो मला फोन करून हार मानणार होता. हे ऐकण्यासाठी मी नऊ वर्षं थांबलो होतो. मदतीचा फोन नव्हता तो. मी त्याला मारलं नव्हतं... एवढं मनात आलं आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं आलं, आणि मी हसायचा थांबलो. फोन अकरा वाजून गेल्यावर केला होता. वॉचमननं साडेबाराला पाहिलं. डॉक्टर म्हणाले होते, त्याआधी अर्धा-पाऊण तास झालेला असणार. मधली निदान वीस मिनिटं मधू गाडी चालू ठेवून, पत्रिका शेजारी ठेवून तसाच बसला होता. मी फोन कापला म्हणजे वळणावर असणार. गाडी लागली की मीच करणार. त्याला त्याबद्दल शंकाच नव्हती. आणि मी फाटकाशी उतरून शर्टाच्या सुरकुत्या नीट करत होतो, थांबू दे जरा म्हणत. फोन कापला त्याला एक वेळ वळणाचं कारण होतं, परत केला नाही त्याला काहीच कारण नव्हतं. तेव्हा केला असता तर तो मिळाला असता. चार टोमणे मारून निघाला असता, किंवा बोलता बोलता त्याचा आवाज बदलला असता आणि मला कळलं असतं. यातलं काय झालं असतं, ते मला आता कधीच कळणार नाही.

मी माझा फोन खिशातून काढला, त्यावर काहीही न लावता शेजारच्या सीटवर ठेवला, आणि भूगावच्या रस्त्याला लागलो. वाटेत एका सिग्नलला पडद्यावर नुसतं भूगाव निवडलं. चांदणी चौकात बाण रानात शिरला, बाई मागे फिरा म्हणू लागली. मी तिला म्हणू दिलं. दोनदा चुकलो, एका टपरीवर विचारलं, आणि लॉन्सच्या फाटकाशी पोचलो. आत कुणाच्या तरी साखरपुड्याची तयारी चालली होती. दाराशी गाडी उभी केली, इंजिन चालू ठेवलं, आणि ही जागा साठवा हे बटण दाबून त्याच्या पद्धतीनं एकेक अक्षर फिरवत नाव भरलं. आजूबाजूला रस्ता नाही, काही नाही, नुसत्या कोऱ्या पडद्यावर एक ठिपका उमटला. यादीत तो 'घर', 'यार्ड', 'डेअरी' आणि 'सबनीस' यांच्या खाली जाऊन बसला.

तेवढ्यात फोन वाजला. वहिनी होत्या. उशीर झाला म्हणून विचारत होत्या, गाडी बंद तर नाही ना पडली? मी पहिल्याच रिंगला उचलला होता. म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी रेंज होती. मी त्याचा फोन कापला होता."

त्या शांतपणे म्हणाल्या, "माहीत आहे मला."

"कसं?"

"अहो, त्यांच्या फोनमध्ये तुमच्या नावावर एकच फोन होता. रेंज नसती तर दहा वेळा लावला असता त्यांनी." मग म्हणाल्या, "या आता. चहा टाकते."

पुढचं मला थोडा वेळ काही दिसलं नाही. मग मधूच्या यादीतलं 'घर' निवडलं आणि मगच गाडी हलवली.