शिळेवरचं आठवं नाव

१९७२ साली, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, आमच्या कोरेगाव तालुक्यातल्या गावात हुतात्म्यांची शिळा बसवायचं ठरलं. यादीत सात नावं होती. मी, पलटणीतून परतलेला हवालदार, आठवं सुचवलं: शिपाई गणपत साळुंखे. समितीचे अध्यक्ष तात्या साळुंखे, म्हणजे गणपतचे सख्खे थोरले भाऊ. बेचाळीसच्या चळवळीत ते भूमिगत होते. त्यांनीच ते नाव खोडलं.

"त्यो इंग्रजाच्या बाजूनं मेला, हवालदार. हितं बसत न्हाई."

माझं डोकं फिरलं. शाळेच्या खोलीत सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि सत्तावीस वर्षं पोटात ठेवलेलं सांगून टाकलं. तेच इथे लिहितो.

ऑक्टोबर १९४५. जपान शरण आला होता, लढाई संपली होती. आम्हाला वाटलं, आता घरी. त्याऐवजी आमची मराठा पलटण आजच्या इंडोनेशियातल्या जावा बेटावर, सुराबाया बंदरात उतरवली. जपान्यांची हत्यारं जमा करायची, त्यांच्या ताब्यातले कैदी सोडवायचे, असं सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. या बेटांवर तीनशे वर्षं वलंदेजांनी, म्हणजे डचांनी, राज्य केलं होतं. लोकांनी ऑगस्टातच स्वातंत्र्य पुकारलं होतं आणि वलंदेजांना परत आणून बसवायला इंग्रजाला माणसं हवी होती. गुलामांकडून गुलाम हाणून घ्यायचे, एवढा साधा हिशेब. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

ब्रेनगनवर, म्हणजे हलक्या मशीनगनवर, गणपत नंबर वन, मी नंबर टू. तो मारायचा, मी मॅगझिन बदलायचो. पाचला स्टँड-टू म्हणजे हत्यार घेऊन सज्ज, सहाला चहा, सातला पोझिशन. समोरच्या भिंतीवर कोळशाने इंग्रजीत लिहिलं होतं की आमच्या देशावर आमचंच राज्य हवं. गणपत थोडं इंग्रजी शिकलेला. त्याने वाचून सांगितलं आणि म्हणाला, "गड्या, आपल्या चावडीवर तात्यानं ह्येच लिवलं हुतं." तात्या सासरी गेलाय, असं त्याच्या वडिलांनी पत्रात कळवलं होतं. पत्रं सेन्सॉर व्हायची. तात्यांचं तर लग्नच झालं नव्हतं, त्यामुळे तो भूमिगत झालाय हे आम्ही समजलो होतो.

नोव्हेंबरातली सकाळ, सव्वानऊ. आम्ही कालव्याच्या पुलापाशी होतो. पुलावर तिथल्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांपैकी एक माणूस जखमी पडला होता. दुसरा वाकत आला. त्याच्या हातात हत्यार नव्हतं. बगलेत हात घालून तो जखमीला ओढू लागला.

"ब्रेन, फायर," आमचा इंग्रज लेफ्टनंट म्हणाला.

गणपतने ट्रिगरवरचं बोट काढलं. "नहीं साहेब. वो जखमी को ले जा रहा है."

"नंबर टू, टेक ओव्हर."

मी गनकडे सरकलो. गणपत सरळ उभा राहिला आणि हात हलवत त्या माणसाकडे बघून ओरडला, "पळ रं! पळ!" पलीकडच्या घरातून गोळी आली ती त्याच्या गळ्यात. तो माझ्या पाठीवर पडला.

एवढं सांगून मी खाली बसलो. मग तात्यांनी विचारलं, "आन् त्यो माणूस? सुटला का?"

खोटं बोलायला वाव होता.

"न्हाई, तात्या. मी टेक ओव्हर केलं. मॅगझिन रिकामं हुईस्तवर."

"दोगंबी?"

"व्हय. दोगंबी."

तात्यांनी यादी पुढे ओढली आणि आठवं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं. मग माझ्याकडे बघितलं. "आता तुजं नाव कुटं लिवायचं, सांग."

राग लेफ्टनंटवर आहे, वलंदेजावर आहे, पण बोट माझं होतं.

वलंदेज चार वर्षांनी तिथून गेलेच. आमचा एवढा दारूगोळा, एवढी माणसं, सगळं फुकट गेलं. दर पंधरा ऑगस्टला शिळेसमोर आठ नावं वाचतात. गणपतचं नाव आलं की मी सॅल्यूट करतो. त्यानंतर आणखी दोन नावं वाचायला हवीत. ती मला माहीत नाहीत.