मागचं चाक आधी

दादा गेल्याचा वहिनीचा फोन आला तेव्हा मी दादरला भाजी घेत होते. "झोपेतच गेले गं," एवढंच ती बोलू शकली. पुढे भेटायला येणारा प्रत्येक जण तेच वाक्य गोंजारत राहिला. भाग्यवान हो, कुणाला त्रास दिला नाही! संताप यायचा मला. माझ्या थोरल्या भावानं कुणाला त्रास दिला नाही म्हणूनच तर मी चिडले आहे... महिना उलटून गेला, तरी राग ओसरत नाही.

निवृत्त झाल्यावर त्यानं बाबांची जुनी फियाट दुरुस्तीला काढली. पुढच्या चाकांना ड्रमऐवजी डिस्क ब्रेक बसवले आणि तिथून त्याचं डोकं व्हॉल्व्हमध्येच अडकलं. मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, पण ऐकून ऐकून पाठ झालं. ड्रमसाठी ब्रेकच्या नळीत थोडा दाब कायम धरून ठेवणारा एक व्हॉल्व्ह असतो. डिस्कच्या नळीत तोच राहिला, तर पाय उचलला तरी ब्रेक धड सुटत नाही. पहिल्याच फेरीत चाक इतकं तापलं की हात लावताच दादाची बोटं पोळली. तो व्हॉल्व्ह काढला, तर दुसरं दुखणं. जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी अडकायची, आणि तसं झालं की गाडी गर्रकन फिरते. म्हणून मागच्या नळीवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवला. त्याची मूठ किती पिळायची ते मात्र रस्त्यावरच ठरतं.

"आत बसून मला दिसत नाही. तू बाहेर उभी राहा," दादा म्हणाला.

मग दर रविवारी सकाळी वरळीला मी फुटपाथवर. गाडी किंचाळून थांबायची, खिडकीतून डोकं बाहेर यायचं. "कुठलं आधी?"

"मागचं!"

"नक्की? झोपा काढू नकोस गं उभ्या उभ्या!"

बॉनेट उघडून मूठ जराशी पिळायची, पुन्हा फेरी. शेवटच्या रविवारी पुढची चाकं आधी थांबली. "पुढचं, दादा, पुढचं!" मी नाचायचीच बाकी होते. तो गाडीतून उतरून समुद्राच्या कठड्यावर बसला होता, छाती चोळत. "ॲसिडिटी," म्हणाला. "तुझ्या वड्यांचा प्रताप."

परवा वहिनीनं गाडीतला कप्पा उघडला. पक्कड-पान्यांच्या मागे जिभेखाली ठेवायच्या गोळ्या होत्या, अर्धी पट्टी संपलेली. म्हणजे त्याला माहीत होतं! डॉक्टरकडे जाऊनही आला होता! "मला घरात सापडू नयेत म्हणून इथे ठेवल्या," वहिनी म्हणाली आणि सीटवर बसून राहिली. मी गिरगावात, दादाच्या इमारतीच्या आवारात, शेजाऱ्यांच्या देखत, रिकाम्या स्टिअरिंगला शिव्या घातल्या.

अजून रस्त्यात कुठलीही गाडी करकचून थांबली की माझी नजर मागच्या चाकावर जाते. आणि पुन्हा भडका उडतो. आत बसलेल्याला दिसत नाही, बाहेर कुणीतरी उभं असावं लागतं, हे तूच शिकवलंस ना मला? मी होते ना रे दादा... तिथेच, फुटपाथवर.