तीन साहेबांचे मेल

वीस वर्षं मी आमच्या सीनियर वकिलांच्या उजव्या हाताला बसलो. मागच्या साली ऑफिसात एक नवी ज्युनियर आली, आन् चार महिन्यांत माझ्या जागेवर तिचा लॅपटॉप. खोटं कशाला बोलू, जळलो मी. लई जळलो.

निमित्त झालं वाळूजच्या एका छोट्या कारखानदाराच्या केसचं. मोठ्या कंपनीनं त्याचा माल 'नमुन्यासारखा नाही' म्हणून परत पाठवला होता. नमुना कंपनीनंच पास केल्याचा मेल सापडला तर आमचा अशील वाचला, नाहीतर कारखान्याला टाळं. माझी पद्धत ठरलेली: सात वर्षांचे सगळे मेल छापायचे, गठ्ठे बांधायचे, एकेक वाचायचा. खर्चाचा अंदाज ऐकूनच अशिलाचा चेहरा उतरला. "जाऊ द्या वकीलसाहेब," म्हणाला, "केसच सोडू."

तेवढ्यात ही बोलली. "छापायचं कशाला, सर? एकच मेल दहा जणांना गेलेला असतो, नऊ काढून टाकू. कारखान्यातल्या तीन साहेबांचे, तेही नमुना दिला त्या सहा महिन्यांचेच वाचू." सीनियर खूश! अशिलासमोर मला म्हणाले, "शिका जरा हिच्याकडून." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पण तिनं यादी दाखवली आन् मला मनातल्या मनात हसू आलं. अरे, असल्या कारखान्यात कुठला साहेब स्वतः टाइप करतो? साहेब नुसता बोलतो. मेल टाकणार स्टोअरचा क्लार्क, तोही स्वतःच्या खात्यावरून, आन् उत्तरही त्यालाच येणार. क्लार्क यादीत नव्हताच.

"सर, काही राहिलंय का?" तिनं विचारलं.

"नाय. झकास आहे."

आठ दिवस मी तिच्या फजितीची वाट पाहिली. मधी अशील भेटला, "आता झेपतंय साहेब, म्याडमची मेहरबानी," म्हणाला. त्याच्या कारखान्याचं काय होईल, हे मला कळत होतं. तरी तोंड उघडलं नाही.

नवव्या दिवशी तिनं तो मेल सगळ्यांपुढं ठेवला. कारखान्यात चहा घेताना तिला क्लार्कचं कळलं होतं. त्याचं खातं उघडलं आन् तासाभरात सापडला. अशिलाचे डोळे भरून आले. ती माझ्याकडं वळली, अगदी साध्या मनानं म्हणाली, "सर, तुम्हालाही हे माहीत नसणार. असतं तर तुम्ही त्याच दिवशी सांगितलं असतं."

सीनियर माझ्याकडं बघत होते.

"व्हय," मी म्हणालो, "मला कुठं माहीत होतं!"