वन्संचे डास

फोन आला तेव्हा मी पिंप उपडं करत होते. आमच्या गल्लीत आठवड्याचा कोरडा दिवस पाळतात, म्हणजे साठवणीची सगळी भांडी रिकामी करून, घासून उन्हात पालथी घालायची. आणि त्या दिवशी माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो. फोन वन्संच्या कॉलेजातून होता. शिकवता शिकवता खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत... डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. गल्लीत मात्र कुजबुज सुरू झाली, "डासांनीच खाल्लं बाईला." खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही तसंच वाटलं.

शालनवन्सं म्हणजे माझ्या मालकांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या आणि आमच्याच वरच्या खोलीत राहायच्या. माझी लेक मनाली कॉलेजात असताना तिला डेंग्यू झाला होता. प्लेटलेट घसरत चालल्या होत्या आणि मी दवाखान्याच्या जिन्यात बसून अंबाबाईला हाका मारत होते. पोरगी वाचली, पण डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा झाला तर पहिल्यापेक्षा जड जाऊ शकतो. तेव्हापासून कानाशी नुसतं गुणगुणलं तरी मी रात्री दिवा लावून भिंती धुंडाळते. आणि असल्या घरात, गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कॉलेज बंद राहणार म्हणून, वन्संनी काय आणावं? डास! जोतिबाच्या डोंगरावर झाडाच्या ढोलीत सापडलेल्या अळ्यांपासून वाढवलेले, पायांवर पांढरे पट्टे असलेले, जाळीचा पिंजरा भरून डास.

"वन्सं, डोकं फिरलंय काय तुमचं? दिवाळीला पोर आलीया घरात!" मी जिन्यातूनच ओरडले. त्या हसल्या आणि डावा हात कोपरापर्यंत पिंजऱ्यात घातला. बघता बघता माद्या हातावर येऊन बसल्या, त्यांची पोटं लालभडक फुगायला लागली. मी दाराची चौकट घट्ट धरली. "अंडी घालायला रक्त लागतंय वैनी. माझंच देते, दुसऱ्या कुणाचं मागू?" मग त्यांनी सांगितलं की डासाच्या अंगात जिवाणू राहतात, काही तर आईच्या अंड्यातून पिढ्यान्‌पिढ्या पुढं जातात. त्यातल्या एखाद्यानं आत बस्तान मांडलं, की डेंग्यूच्या विषाणूला तिथं वाढणं अवघड होतं. "चांगलं विरजण लागलं की दुधात दुसरं काय रुजत न्हाय, तसं बघा. म्हणून डास मारायच्या आधी इचारावं, पोटात कोण हाय गं?" मी म्हटलं, मग हे चावले तर डेंग्यू होत न्हाय म्हणा की! "तसं कुठं म्हणले मी? कमी होत असंल. मला अजून ठाव न्हाय, म्हणून तर पाळल्यात." एवढ्या शिकलेल्या बाईच्या तोंडून 'ठाव न्हाय' ऐकलं आणि माझी झोपच उडाली.

सुट्टी संपली तरी पिंजरा वरच्याच खोलीत राहिला होता; त्या गेल्यावर तो कॉलेजवाले घेऊन गेले. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि खोली आवरायला काढली, कारण मनाली बाळंतपणाला येणार होती. कपाटात बिस्किटाच्या डब्यात जाड कागदाच्या पट्ट्या होत्या, काजळी सांडल्यासारखे काळे ठिपके पडलेल्या. आमच्याकडं कागद फेकायची पद्धत नाही. माठ डुगडुगत होता, म्हणून त्यातल्या दोन पट्ट्या घडी करून माठाखालच्या ताटलीत सरकवल्या. पुढं एका दुपारी माठ उचलला, तर ताटलीतल्या पाझरलेल्या पाण्यात काहीतरी वळवळत होतं. तेव्हा वन्संचं बोलणं आठवलं. "कागदावरची ही अंडी वाळून महिनोन्‌महिने पडून ऱ्हातात वैनी, पाणी लागलं की जागी होतात." अख्ख्या गल्लीला मी शिकवलं, कोरडं केलं की मेलं. आणि माझ्याच स्वयंपाकघरात, पोटुशी लेक यायला दोन दिवस उरलेले असताना... मी ताटली अंगणातल्या तापलेल्या फरशीवर ओतली. सगळ्या अळ्या वाळेपर्यंत तिथून हलले नाही. डोक्यात भलतंच येत होतं, की यांच्या आया वन्संच्या रक्तावर पोसल्या होत्या.

डब्यात अजून एक पट्टी होती. वन्संचं जितंजागतं म्हणावं असं जगात तेवढंच उरलं होतं. मी ती गॅसवर धरली. "माफ करा वन्सं, पोरीसाठी केलं," असं मोठ्यानं म्हणाले आणि रडले.

मनाली आली. दुपारी ती वन्संच्या खोलीत मच्छरदाणी लावून झोपते, मी शेजारी बसून असते. काल माझ्या मनगटावर डास बसला. पायांवर पांढरे पट्टे, पोट लाल. माठाखालचा एखादा आधीच उडून गेला असंल काय? मी हात उगारला आणि तोंडातून आपोआप निघालं, "पोटात कोण हाय गं?"

सांगणारी नव्हती. मी हाणला. तळहातावर ताज्या रक्ताचा ठिपका उमटला. मनगटावर तर तो आत्ताच टेकला होता, मला चावलाही नव्हता... मी मच्छरदाणी वर केली आणि झोपलेल्या लेकीचे हात बघायला लागले.