धबधबा बाई गप्प झाल्या तेव्हा

आठवीला गणित शिकवणाऱ्या बाई न थांबता बोलतात, म्हणून सगळी शाळा त्यांना ‘धबधबा’ म्हणते. ती माझी सख्खी मावशी, म्हणजे हा धबधबा मला शाळेत नियमाने आणि घरी वरकड.

सहामाहीत अर्धा वर्ग गणितात आडवा झाला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “शुक्रवारी मी मागे बसून तुमचा तास बघते. मग ठरवू, वर्ग कुणाकडे द्यायचा.”

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात आईला नक्कल करून दाखवत होते. हातात चमचा, मान तिरकी. “तर मुलांनो, एक्स किती? बरोब्बर, पाच! मग वाय? शाब्बास, सात! समजलं ना? समजलं! चला पुढे!” आई हसून हसून ओट्याला टेकली. मागे दारात मावशी.

मेले आता! पण ती म्हणाली, “परत कर.”

केली.

“उत्तर कोण देतंय गं?”

“तूच.”

“आणि शाब्बास?”

“तेही... तुलाच.”

आईने तोंड फिरवलं. मावशीचे कान लालबुंद. “म्हणजे इतकी वर्षं मी माझीच पाठ थोपटतेय होय?”

शुक्रवारी तिने मुद्दाम सोपा प्रश्न काढला. “एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?” आणि गप्प! वर्ग घाबरलाच. पंख्याची कुरकुर ऐकू यायला लागली. उत्तर तिच्या जिभेवर नाचत होतं. तिने खडू मुठीत आवळून धरला. शेवटी आमचा गोलकीपर उठला.

“चतुर्थांश, बाई. तीनापेक्षा चार मोठे.”

कुणी हसलंच नाही.

“अजून कुणाला असंच वाटतं?” मावशीने विचारलं.

एकेक करत निम्म्याहून जास्त हात वर. पहिल्या बाकावरच्या हुशार पोरीचासुद्धा. मागे मुख्याध्यापिका बघताहेत.

मावशी पांढरी पडली. “चूक तुमची नाही रे,” ती कशीबशी म्हणाली. “मी कधी विचारलंच नाही.” तिने गोलकीपरला सारखे दोन कागद दिले. “एकाचे तीन भाग कर, दुसऱ्याचे चार.”

त्याने घड्या घातल्या, तुकडे शेजारी धरले. “अरेच्चा! तिघांत वाटलं तर जास्त येतं की!”

वर्ग हसला. ती नाही.

तास संपल्यावर मुख्याध्यापिका दाराशी थांबल्या. “वर्ग तुमच्याकडेच राहू दे. पण पाचवीच्या पुस्तकापासून सुरुवात करा.”

“हो,” मावशी म्हणाली. मान खालीच.

सोमवारी ती ते पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून निघाली. शाळेच्या जिन्यात चित्रकलेचे सर भेटलेच. “काय बाई, काय लपवलंय?”

“काही नाही हो,” ती म्हणाली, आणि पुडकं काखेत आणखी घट्ट धरलं.