ओळखलं का, आत्या?

म्हाताऱ्या माणसापुढे वाकून, कानाशी ओरडून "ओळखलं का मला?" असं विचारणाऱ्याला तिसगावची आमची गजराआत्या एकच उत्तर द्यायची. "का? सोताचं नाव इसारलास व्हय?"

नव्वदी उलटलेली. दारापर्यंत गेली तरी दम लागायचा, दुपारभर ग्लानी. जिभेची धार मात्र शाबूत. मी तिचा सख्खा भाचा, म्हणून पहिला वार नेहमी माझ्यावर.

निवृत्तीनंतर मला लोकांचं भलं करायची उबळ आली. भिंगारच्या एका मंगल कार्यालयात व्याख्यान ऐकलं आणि थकवा घालवणारी, बुद्धी तल्लख करणारी पावडर घेऊनच तिसगाव गाठलं. डब्यावर हसरे आजी-आजोबा. आत्याच्या सुनेला बजावलं, "वहिनी, सकाळ-संध्याकाळ दुधातून द्या. रात्रीचे शेंगोळे बंद. जड पडतात."

हुलग्याचे शेंगोळे म्हणजे आत्याचा जीव. ती म्हणाली, "तुझा बाप बरा हुता. निस्ता भांडायचा. ताट न्हाई वडलं कधी."

दर रविवारी मी गुण तपासायला जायचो आणि नेमकं तेच विचारायचो.

"ओळखलं का?"

"गॅसवाला."

पुढच्या रविवारी मी "पोलिओ पाजनारा" झालो. त्याच्या पुढच्या रविवारी, "कोन का आसंना, हाकला त्याला." स्मृती झपाट्याने ढासळतेय म्हणून मी चमचे वाढवले. वहिनी पदराआड का हसतात, हे त्याच पावडरीचा अख्खा डबा स्वतः संपवूनही माझ्या डोक्यात शिरलं नाही.

मग एकदा तिला खाटेवर उठून बसता येईना. डॉक्टरांनी तपासलं. "अशक्तपणा आलाय. आजी जेवतात काय?"

मी डबा पुढे केला. त्यांनी तो न उघडताच परत दिला. "हे जेवण नाही. जेवू घाला त्यांना."

खाटेवरून आवाज आला, "डाक्टर, ती पावडर ह्या बाळ्यालाच पाजा. मानसाला भूक लागती, त्येवडं इसारलाय."

शेंगोळे परत सुरू झाले. हळूहळू ती दारापर्यंत येऊ लागली, ती मला दारातूनच परत लावायला. माफ असं तिने केलंच नाही.

ती गेली त्याच्या आदल्या दिवशी मी बायकोने केलेल्या शेंगोळ्यांचा डबा घेऊन गेलो. काही न विचारता खाटेशी बसलो. तिने डोळे उघडले, बराच वेळ मला न्याहाळलं.

"मला वळकलं का?"

"व्हय, आत्या."

"डब्यात काय?"

"शेंगोळे."

"आदी तू खा."

मी खाल्लं. घास गिळेपर्यंत तिने माझ्या गळ्यावरची नजर काढली नाही.